तिसरी कॉपी

औसा
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय बिलकीस,

पाकीट बघून दचकली असशील. आजकाल पत्र आलं की माणसाला आधी नोटीसच आठवते. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. होस्टेलात तुझ्या ताटातलं लोणचं पळवणाऱ्या आरतीचंच हे अक्षर, फक्त सवय गेल्यामुळं वाकडं झालंय.

पत्र का, ते सांगते. माझा फोन दिवसभर बैठकीत चार्जिंगला असतो आणि त्यावर आलेलं सगळं आप्पा वाचतात. आप्पा म्हणजे माझे सासरे, शेषेराव. लपूनछपून नाही हं, चष्मा लावून, मोठ्यानं. बोलायचं तर तेही त्यांच्यासमोर. सगळी नोकरी पोस्टात काढून इथूनच पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेत. त्यांच्या मते व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे पोस्टकार्ड, उघडंच येतं, ज्याच्या हाती पडेल त्यानं वाचावं. पण बंद पाकीट म्हणशील तर देवासमान. मागे मी माहेरी गेले असताना माझ्या नावानं एक पाकीट आलं, त्याची कड सुटलेली होती. आप्पांनी आत न बघता डिंक लावून ते परत चिकटवलं आणि माझ्या उशाशी ठेवलं. या घरात मला एवढीच एक बंद जागा आहे, म्हणून तुला पाकिटात गाठलं.

आता मुद्दा. मला नोकरी लागलीय. लातूरला एका क्लासच्या ऑफिसात, अकाउंट्सला. औसा-लातूर बस म्हणजे अर्धा तास, रोज जाऊन-येऊन करता येईल. एक जानेवारीला हजर व्हायचंय. नवरोबा शिवशंकर हैदराबादहून महिन्यातून एकदा येतो, तो म्हणाला, आप्पांना विचार. आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, जा की, कोण नको म्हणतं, पण आधी कॉम्प्युटरचं बघ.

कॉम्प्युटरचं म्हणजे असं. लग्न होऊन आले तेव्हापासून या घराचं सगळं मी त्यात भरलंय. कुठल्या बँकेत काय आहे, पोस्टातल्या ठेवी कधी पिकतात, विमा, पेन्शन, वारस म्हणून कुणाचं नाव, कुठला पासवर्ड. आप्पांना माउस धरता येत नाही. म्हणजे हे घर मी सोडून कुणालाच वाचता येत नाही. माझी डिग्री आणि मार्कशीट, सगळ्या मूळ प्रती, आप्पांच्या लोखंडी कपाटातल्या लॉकरात आहेत. सगळं नीट लावून दे आणि घेऊन जा, असं त्यांचं म्हणणं. मूळ कागद दाखवल्याशिवाय क्लासवाले हजर करून घेणार नाहीत.

आणि कॉम्प्युटरचं ते धूड आता आतून टिकटिक वाजायला लागलंय. बंद पडलं तर मी जन्मभर इथंच बसून परत भरत राहीन. मी डी ड्राइव्हमध्ये एक कॉपी करून ठेवलीय. तेवढी बास का? इंटरनेटवर ठेवायचं नाव काढलं तर आप्पा म्हणतात, आपलं धन लोकांच्या घरी कशाला.

सुचेल ते लवकर लिही.

तुझी,
आरती


नांदेड
२७ नोव्हेंबर २०२५

आरती,

तुझं पत्र आलं तेव्हा फरहानला वाटलं दुकान खाली करायची नोटीस. माझा भाऊ तो, त्याला पत्र दिसलं की घामच फुटतो. मी वाचून हसत होते, तर त्याला अजून संशय.

पण डी ड्राइव्हचं वाचलं आणि हसू गेलं. बाई, आपण एका बाकावर बी.कॉम. केलं, हे तुला कुणी शिकवलं? सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कची दोन नावं. एका कपाटाचे दोन खण समज. कपाटच जळलं तर खालचा खण कसा वाचेल? देगलूर नाक्यावरच्या आमच्या दुकानात दर आठवड्याला कुणीतरी येतो आणि म्हणतो, ताई, डीला ठेवलंय ना. मला त्याच्या तोंडाकडं बघवत नाही.

ती टिकटिक म्हणजे डिस्कची अखेरची घरघर आहे. तेव्हा वेळ न घालवता ऐक. कॉपी तीन जागी लागते. एक कॉम्प्युटरात, दुसरी पेनड्राइव्हवर घरातच, आणि तिसरी घराबाहेर. घराला आग लागो, पाणी शिरो, चोर येवो, बाहेरची वाचते. फाइलला पासवर्ड घाल आणि तो त्याच पेनड्राइव्हला चिठ्ठी बांधून ठेवू नकोस, आमची सगळी गिऱ्हाइकं तेच करतात. कॉपी झाली की दुसऱ्या मशीनवर उघडून बघ. उघडून न बघितलेली कॉपी असून नसल्यासारखी.

सोबत दोन पेनड्राइव्ह पाठवते आहे. पैशाचं नाव काढलंस तर फरहानला फोन करून तुझ्या आप्पांशी बोलायला लावीन.

आणखी एक. कॉपी झाली तरी ती वाचणारं माणूस लागेल. घरात तुझ्या सासूबाई आहेत ना? त्यांना शिकव. नाहीतर मशीन बदलेल, खुंटा तोच राहील आणि बांधलेली तूच.

बिलकीस


औसा
७ डिसेंबर २०२५

प्रिय बिलकीस,

तुझं पाकीट आप्पांनीच पोस्टातून आणलं. ते रोज सकाळी तिकडं जाऊन बसतात, जुनी खुर्ची सुटत नाही. पाकीट तळहातावर तोलून म्हणाले, तिकिटं कमी लावलीत, पण सोडलं पोरांनी. आत काय आहे ते विचारलं नाही.

दोन्ही कॉप्या केल्या. बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत उघडूनही बघितल्या, बरोबर उघडतात. एक पेनड्राइव्ह आप्पांच्या समोर लॉकरात ठेवली. लॉकरची किल्ली आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाई गुणाबाईंच्या, कमरेला असते. पण आप्पांनी सांगितल्याशिवाय त्या कधी लॉकर उघडत नाहीत. दुसरी माझ्या साड्यांत आहे.

मला वाटलं, सुटले. आप्पांना म्हटलं, झालं सगळं, आता माझे कागद द्या. तर म्हणाले, गावाकडच्या वावराची कागदपत्रं राहिलीत, ती घाल. ती घातली, तर म्हणाले, नणंदेच्या लग्नातल्या दागिन्यांच्या पावत्या राहिल्या. त्या घातल्या, तर आता पेन्शनचे जुने कागद पोत्यातून काढून ठेवलेत. माणूस पद्धतशीर आहे, सगळं जागच्या जागी पाहिजे त्याला. पण बिलकीस, मी संपवते आणि ते काढतात. रात्री झोपेतही मी रकाने भरते.

आत्यांचं विचारलंस. त्यांना शिकवायला बसवलं होतं. त्यांची शाळा सातवीपर्यंत झालीय, वाचता-लिहिता छान येतं. पडद्यावर नावं दाखवत होते, तर त्यांनी एकदम विचारलं, "माझ्या नावावर काय हाय का?" मी दाखवलं. खूप वेळ बघत राहिल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, मला काय करायचंय शिकून, तू हायेस की. त्यानंतर मी कॉम्प्युटर लावला की त्या तूर निवडायला मागच्या अंगणात जातात.

दिवस भराभर निघून चाललेत आणि मी इथंच बसून आहे.

आरती


नांदेड
१३ डिसेंबर २०२५

आरती,

तू शहाणी आहेस, पण घरच्या माणसांपुढं तुझी अक्कल गहाण पडते. पद्धतशीर माणूस म्हणे. अगं, त्या माणसाला हिशेब नकोच आहे, तू पाहिजेस. हिशेब पुरा झाला की तू दाराबाहेर, हे त्याला तुझ्याआधी कळलंय. पोती संपली की तो शेजाऱ्यांचे कागद आणून देईल.

मला रागही येतो आणि भीतीही वाटते. लॉकरातली पेनड्राइव्ह त्यांच्या हातात आहे. ती उद्या हरवली तर तू काय करशील? साड्यांतली ताबडतोब इकडं पाठव. तीच तुझी घराबाहेरची तिसरी कॉपी. मी उघडते का एवढंच बघेन, आतलं वाचणार नाही, अम्मीची शपथ. पासवर्ड त्यात घालू नकोस, नंतरच्या पत्रात लिही.

आणि एक तारखेला कागद मिळोत न मिळोत, जाऊन उभी राहा. लिहायला सोपं आहे, ठाऊक आहे मला. अब्बा गेल्यावर हे दुकान फरहानच्या नावावर झालं. मशीनं मी खोलते, मी जोडते, पाटीवर नाव त्याचं. माझा भाऊ चांगला आहे गं, म्हणून तर तोंड उघडता येत नाही. चांगल्या माणसांनी लावलेली कडी काढायला जास्त जड जाते.

पाठव लवकर.

बिलकीस


औसा
२२ डिसेंबर २०२५

बिलकीस,

कॉम्प्युटर गेला.

क्रमानं सांगते, नाहीतर माझंच डोकं फिरेल. तुझं पत्र मिळालं तसं मी पेनड्राइव्ह पाकिटात घातली. सासरच्या घराची सगळी माहिती परक्या गावी पाठवताना दोनदा पाकीट उघडून परत बंद केलं. पण पोस्टात जाणार कोण? आप्पाच, मी गेले तरी खिडकीपाशी तेच बसलेले. त्यांनी पाकीट चाचपून विचारलं, आत कडक काय लागतं. मी म्हटलं, बिलकीसची वस्तू आहे, परत करते. रजिस्ट्री आता स्पीड पोस्टात मिसळली म्हणून पोस्टाच्या नावानं कुरकुर करत ते पाकीट घेऊन गेले. पावती मला दिली नाही, मीही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या होती. तू नांदेडची, तुला आमच्या येळवशीचं वेड कळणार नाही. त्या दिवशी सगळं औसा शेतात असतं, गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. आम्ही चुलत्यांच्या वावरात गेलो. आत्या आंबिलीचं मडकं घरी विसरल्या म्हणून रिक्षानं परत जाऊन आल्या, तोवर सगळे ताटकळले. मग कडब्याच्या कोपीत लक्ष्मीची पूजा, भज्जी-भाकरी, आप्पाही मजेत होते. मलाही क्षणभर वाटलं, ही माणसं वाईट नाहीत.

परवा कॉम्प्युटर लावला तर टिकटिक नाही, काहीच नाही. काळा पडदा. दुकानातला माणूस घरी येऊन बघून गेला, डिस्क गेली म्हणाला. सी गेला तसा डी पण गेला. मी आप्पांना म्हटलं, काळजी नको, लॉकरात कॉपी आहे. आत्यांनी कमरेची किल्ली काढून दिली, आप्पांनी लॉकर उघडला. माझ्या डिग्रीचं पाकीट तिथं होतं. पेनड्राइव्ह नव्हती.

आप्पांनी सगळा लॉकर खाली काढला. एकेक पाकीट उलटं करून झटकलं. मी नुसती बघत उभी होते. मनात आलं, किती छान नाटक करता आप्पा. मग त्यांनी कागद परत आत ठेवले, माझी डिग्रीही, आणि म्हणाले, "आता बँका, पोस्ट, सगळीकडं फिरून परत पहिल्यापासून लिही. लातूरचं नंतर बघू."

शिवशंकरला फोन केला, तर तो म्हणाला, अशा वेळी आप्पांना सोडून जाशील का. क्लासवाल्यांनी पाच जानेवारीपर्यंत थांबायचं कबूल केलंय, त्यापुढं नाही.

आता सगळं तुझ्याकडं पाठवलेल्या पाकिटावर आहे आणि ते ज्यांच्या हाती दिलं त्यांनाच ते नको आहे. आजवर त्यांच्या हातून आपलं एकही पत्र चुकलेलं नाही, कळतं मला. पण आजवर पाकिटात त्यांचं स्वतःचं काही नव्हतं. फोनवर तुला विचारायची सोय नाही, आप्पा समोर असतात, ते नसले तर आत्या. हेसुद्धा पत्र मी त्यांच्याच हातात देणार आहे, ज्यात त्यांना चोर म्हटलंय. दुसरा रस्ताच नाही मला. मी फार थकलेय बिलकीस, आणि मला या घराची भीती वाटायला लागलीय.

पाकीट पोचलं असेल तर पासवर्ड असा: आपल्या खोलीचा नंबर, आणि पुढं इंग्रजीत वॉर्डनबाईंना आपण ठेवलेलं नाव. नसेल पोचलं तर ते नाव आठवून जरा हस तरी.

आरती


नांदेड
२६ डिसेंबर २०२५

सौ. गुणाबाई आत्यांना,
आदाब.

मी बिलकीस, तुमच्या आरतीची मैत्रीण. पाकिटावर तुमचं नाव बघून तुम्ही म्हणाल, चुकून आलं. चुकून नाही, तुम्हालाच लिहिलंय.

आरतीनं पाठवलेलं पाकीट मला मिळालं. चिकटपट्टीला कुणाचा हात लागलेला नाही. उलट आरती पिनकोड चुकली होती, तो खोडून कुणीतरी लाल शाईनं नीट घातलेला होता. मी मनात तुमच्या घरच्या एका माणसावर शक घेतला होता. तो लाल आकडा बघून मला माझीच शरम वाटली. लॉकरातली वस्तू कुठं गेली हे अल्ला जाणे. पण हे पाकीट ज्यानं माझ्यापर्यंत पोचवलं त्यानं ती घेतली असेल, असं आता मला वाटत नाही.

आतली कॉपी उघडली, सगळं शाबूत आहे. त्याची एक नवी कॉपी या पाकिटातल्या पेनड्राइव्हवर आहे. मी फक्त एकच पान वाचलं आणि छापलं, ते तुमचं. तुमच्या नावावर काय आहे ते मोठ्या अक्षरात आहे, चष्म्याशिवाय दिसेल. त्यावर सही तुमची चालते, दुसऱ्या कुणाची नाही. पेनड्राइव्ह कुणाला द्यायची, कधी द्यायची, तेही तुम्हीच ठरवा. मी आरतीला वेगळं पत्र पाठवत नाही.

आत्या, एक विचारू का? आरती रोज सकाळी लातूरला गेली आणि रोज संध्याकाळी घरी आली, तर ती कॉम्प्युटर नवा घेऊन तुम्हाला शिकवू शकते. दिवसा घर तुम्ही बघाल. तुम्हाला येणार नाही असं कुणी सांगितलं असेल, तर त्यानं तुम्हाला कधी विचारलेलं नसेल.

पाच तारखेला तिला मूळ कागद लागतात. किल्ली तुमच्याकडं असते म्हणून तुम्हाला सांगितलं.

तुमची,
बिलकीस


औसा
६ जानेवारी २०२६

बिलकीस बाईस,
गुणाबाईचा नमस्कार.

चुकलं तर हसू नको. चिठ्ठी सोडून मी कधी कुणाला लिहिलं न्हाई. पोस्टमास्तरची बायको, पण माझ्या नावानं आजवर एक टपाल आलं न्हाई. माहेर इथंच, गल्लीच्या पल्याड, मला पत्र कोण घालनार.

ते पाकीट घेऊन आले आन चुलीपाशी उभे राहिले. म्हणले, तुझं टपाल हाय. मला वाटलं थट्टा करून राहिले. पन त्यांनी दोन्ही हातानं दिलं, जसं मोठ्या साहेबाला देतात. मग पाटावर बसले आन बघत राहिले, मी कवा फोडते म्हणून. मी पदराखाली धरून बसले. आधी च्या केला, त्यांना दिला, मी पिले. मग आत खोलीत जाऊन कडी लावून फोडलं. लग्न झाल्यापासून मी दिवसा कडी लावली न्हवती. ते बाहेर बसले होते, पन त्यांनी विचारलं न्हाई काय लिव्हलंय. विचारतच न्हाईत ते, दुसऱ्याचं टपाल असलं की.

कागद वाचला. माझ्या नावावर येवढं हाय हे मला कुणी सांगितलं न्हवतं. आरतीनं दावलं तवा मला वाटलं पडद्यावरचं, खरं थोडंच असतं.

पाच तारखेला सकाळी मी कमरेची किल्ली काढली आन लॉकर उघडला. ते म्हणले, कशाला. मी म्हणलं, पोरीचे कागद द्यायचेत. त्यांना राग आला का भ्या वाटलं मला कळलं न्हाई. आरतीच्या हातात डिग्री दिली, पेनड्राइव पन दिली. ती रडली. मग बसला गेली. संध्याकाळी आली, आज बी गेली. नवा कॉम्प्युटर घेऊ म्हणते, आप्पा हाव म्हणलेत.

आता तुला सांगते, ते कुणाला सांगितलं न्हाई. लॉकरातली पेनड्राइव मी घेतली. येळवशीला मडकं विसरलं न्हवतं मी, मुद्दाम ठेवून आले होते. घर रिकामं होतं. ती चिमटीयेवढी वस्तू ज्वारीच्या डब्यात तळाला घातली, अजून तिथंच हाय. मला येवढंच कळत होतं की ती हाय तर आरती जाईल. कॉम्प्युटर मरंल हे ठाव न्हवतं. मेला तवा बी मी सांगितलं न्हाई. ते लॉकर शोधत होते आन मी किल्ली धरून उभी होते.

ती गेली की दिवसभर घरात ते आन मी. ते माझ्याशी बोलत न्हाईत गं. वाईट न्हाईत, मारलं न्हाई, काय कमी केलं न्हाई. च्या ठेव, दार लाव, येवढंच. आरती संध्याकाळी माझ्या पायाला तेल लावताना विचारायची, आत्या आज काय केलं. मला कुणी विचारलं न्हवतं कधी. तू लिव्हलंय दिवसा घर मी बघंन. बघते आता. काल आन आज बघितलं. दुपार लई मोठी असते.

आरती अजून समजती की पेनड्राइव त्यांनी घेतली. ते समजतात तिनं. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात आन मी भाकरी थापते. सांगायला तोंड उघडते तर पोरगी म्हणंल, आत्या तुम्ही? आन मग संध्याकाळी विचारनार न्हाई. तू म्हणली होतीस म्हणे, तिसरी कॉपी घराबाहेर ठेवायची. ही बी तुझ्याकडंच राहू दे.

हे पत्र बी ते टाकून येतील. तिकीट लावायला मला त्यांनीच शिकवलं काल, जीभ लावून न्हाई, पान्यानं.

मला पत्र घालत जा. काय बी लिव्ह, दुकानाचं, तुझ्या भावाचं, नांदेडच्या पावसाचं. माझ्या नावानं घाल, आन पाकीट चांगलं बंद कर. ते उघडत न्हाईत.

गुणाबाई